पांढऱ्याची वायर

ज्या माणसानं मला दीड वर्ष माझ्याच डोळ्यांबद्दल संशयात ठेवलं, तो माझा पहिलीपासूनचा मित्र आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणाचा त्याच्यावर उगाच जीव जडायला नको. माझा जडला होता. चाळीस वर्षं जडला होता, तेवढं पुष्कळ झालं.

मी तेलंगणातल्या आदिलाबादला सरकारी शाळेत मराठी माध्यमाच्या मुलांना चित्रकला शिकवतो. तो तहसील कचेरीत कारकून. दोघंही तामसीकडच्या एकाच गावचे, एकाच बसनं शहरातल्या शाळेत यायचो, एकाच बाकावर बसायचो. फरक एवढाच, की त्यांच्या घरात निजामाच्या काळापासून कागद होता. त्याचे आजोबा गावाची पहाणी, म्हणजे कुणाच्या शेतात काय पेरलंय त्याची नोंद, उर्दूत लिहायचे. आमच्या घरात कागद आला तो माझे वडील शेतावरची मजुरी सोडून प्राथमिक शाळेत मास्तर झाले तेव्हा. पुढं नोकरीसाठी त्यानं तेलुगू असं घोटलं, की कचेरीतले तेलुगू लोकही त्याच्याकडून मसुदे लिहून घेतात. माझं तेलुगू बाजारातलं. बोलतो घडाघडा, वाचतो अक्षराला अक्षर लावत, आणि लिहायचं म्हटलं की हात आखडतो. त्यामुळं माझ्या आयुष्यातला प्रत्येक अर्ज त्यानं लिहिला आहे. रजेचा, बदलीचा, नळाचा, बायकोच्या नावातल्या दुरुस्तीचा. तो लिहायचा, मराठीत वाचून दाखवायचा, मी खाली सही करायचो. आमच्याकडं मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांचा असा एक लिहिणारा माणूस असतो. त्याला कागदाबद्दल उलटं विचारणं म्हणजे न्हाव्याच्या हाती मान दिल्यावर वस्तऱ्याची चौकशी करण्यासारखं आहे. कुणी करत नाही.

माझ्याकडं कागद नव्हता, पण नजर होती. ती कुणी दिली नव्हती, त्यासाठी कुणाची सही लागली नव्हती. कॉलेजात असताना दोन उन्हाळी सुट्ट्या मी निर्मलला लाकडी खेळणी रंगवणाऱ्या एका कारागिराकडं काढल्या. तो मला लाकडाचे पेरू आणि लाकडाची लिंबं रंगवायला द्यायचा आणि माझा पिवळा बघून मान हलवायचा. पेरूचा पिवळा वेगळा, लिंबाचा वेगळा, पिकलेल्या लिंबाचा आणखी वेगळा. पहिल्या सुट्टीत मी निम्मा माल पुसून पुन्हा रंगवला. दुसऱ्या सुट्टीत तो मान हलवायचा थांबला. तेव्हापासून रंगातला, रेषेतला, हालचालीतला फरक मला न शोधता दिसतो. यात नम्रपणा दाखवायचं मला काही कारण वाटत नाही.

या नजरेमुळंच जिल्ह्याच्या शालेय चित्रकला स्पर्धेला परीक्षक म्हणून दरवर्षी माझं नाव असायचं. हे काम मला पगारापेक्षा प्यारं होतं. बाजारहत्नूरकडून, तामसीकडून पोरं बसनं यायची, गुंडाळी केलेला कागद पिशवीतून वर डोकावत असायचा. घरून रंगवून आणायच्या चित्रांचा एक गट असतो. त्यात कुठल्या चित्राला मोठ्या माणसाचा हात लागलाय ते मी सांगायचो. ब्रशचा दाब कळतो. पोरगं आभाळ रंगवतं तेव्हा घाई करतं, कारण त्याला खालच्या बैलाकडं जायचं असतं. बाप आभाळ रंगवतो तेव्हा सपाट, सावकाश रंगवतो. अशी चित्रं मी बाजूला काढायचो आणि खेड्यातल्या एखाद्या पोरीचं ओबडधोबड, पण तिचं स्वतःचं चित्र वर यायचं. त्यावर आजवर कुणी तक्रार केली नाही.

आता गेमच्या डब्यांकडं येतो, कारण सगळं तिथंच घडलं.

आम्ही शाळेत असताना बसस्टँडजवळ एक व्हिडिओ गेमचं दुकान होतं. तिथं चौकोनी ठिपक्यांचा माणूस चौकोनी ठिपक्यांच्या भिंतीवर उड्या मारायचा आणि आम्हाला ते जगातलं सर्वांत सुंदर चित्र वाटायचं. ती हौस आमची सुटली नाही. लग्नं झाली, मुलं शिकायला बाहेर गेली, तरी सुटली नाही. टीव्हीला जोडून खेळायचे नव्या पिढीचे डबे बाजारात आले तेव्हा दोन कंपन्यांचे दोन होते, एक काळा आणि एक पांढरा. त्यानं काळा घेतला, मी पांढरा घेतला. मुद्दामच. एकच घेतला असता तर भांडायचं कशावरून. कागदावर दोन्ही डब्यांच्या ताकदीत उन्नीस-बीसचा फरक होता, आणि त्या उन्नीस-बीसवर जगभर लोक एकमेकांच्या आईबापापर्यंत जात होते. आम्ही निदान एका गावचे होतो.

दर रविवारी दुपारी जेवण झालं की मी पांढरा डबा कापडी पिशवीत घालून त्याच्या घरी न्यायचो. त्याच्याकडं मोठा नवा टीव्ही होता. माझ्या घरच्या जुन्या टीव्हीवर काहीही लावा, सारखंच दिसायचं, त्यामुळं तिथं तुलना करण्यात अर्थ नव्हता. खिडक्यांना पडदे ओढायचे, पंखा लावायचा, दोन्ही डब्यांवर एकच खेळ, एकच जागा, एकच वेळ. कधी पावसातलं शहर आणि ओल्या रस्त्यावरचे दिवे, कधी गवताचं माळरान आणि त्यातून धावणारा घोडा. मी पाठ फिरवून बसायचो, तो एक डबा लावायचा. मी वळून पाहायचो आणि बोलायचो. कडा स्वच्छ आहेत का, आभाळाच्या छटेत पट्टे पडतात का, घोडा धावताना चित्र अडखळतं का. मग पुन्हा पाठ, दुसरा डबा. पहिल्याला अ म्हणायचं, दुसऱ्याला ब. कोणता अ आणि कोणता ब ते तो चिठ्ठीवर लिहून पेल्याखाली ठेवायचा आणि शेवटी उघडायचा. माझं बोलणं तो एका रजिस्टरमध्ये पंचनाम्यासारखं उतरवायचा, 'समक्ष पाहणी केली असता' अशी सुरुवात करून. आम्ही हसत सह्या करायचो.

यात एक नियम होता. त्यानं सांगितलं, की जमिनीची मोजणी होते तेव्हा ज्याची जमीन तो साखळीला हात लावत नाही. मला ते फार पटलं. मी लगेच म्हटलं, मग मी रिमोटला हात लावणार नाही, डब्याच्या सेटिंगमध्ये जाणार नाही आणि टीव्हीच्या मागंही जाणार नाही. पांढरा माझा आहे ना. दीड वर्ष हा नियम मी पाळला. मागं चेंडू गेला असता तरी गेलो नसतो. काळा त्याचा होता, म्हणजे तोही जमीनवालाच होता, आणि तरी साखळी त्याच्या हातात होती, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. कागद आणि साखळी त्याच्याच हातात असायची हे मला जन्मापासून इतकं सवयीचं होतं. आज स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पहिल्या दोन रविवारी गंमत आली. परदेशात काही लोक यंत्र लावून दोन्ही डब्यांची चित्रं मोजतात, सेकंदाला किती फ्रेम येतात, कुठं गळतात, सगळं. चिठ्ठी उघडून झाली की आम्ही मोबाईलवर त्यांचे आकडे बघायचो. त्या दोन्ही खेळांत त्यांच्या मापानं काळा किंचित पुढं होता, आणि मीही काळ्यालाच चांगलं म्हटलं होतं. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. यंत्राबरोबरीचा माणूस म्हणाला.

तिसऱ्या खेळात गडबड झाली. मी म्हटलं, ब मध्ये आभाळाला पट्टे आहेत, घोडा दर दहा पावलांना अडखळतोय. चिठ्ठीत ब म्हणजे पांढरा निघाला. मोबाईलवर पाहिलं, तर मोजणारे सांगत होते की या खेळात पांढराच पुढं आहे, लोण्यासारखा चालतो. मी चिडून पुन्हा पाहिलं. पट्टे होतेच. पुढच्या रविवारी वेगळा खेळ, तीच गत. जिथं काळा पुढं तिथं मी बरोबर, जिथं पांढरा पुढं तिथं मी चूक. मला स्वतःच्या डब्याला नावं ठेवायची हौस नव्हती. उलट चिठ्ठी उघडण्याआधी मी मनातल्या मनात म्हणायचो, की जो घाण दिसतोय तो काळा असू दे. तो पांढराच निघायचा.

माझ्या मित्राला त्या दिवसांत फार आनंद होत होता. माझ्या चुकण्यावर त्याला असा आनंद झालेला मी आधी कधी पाहिला नव्हता, म्हणून मला तो थट्टेचाच वाटला. आमच्या शाळेत येऊन स्टाफरूममध्ये त्यानं सांगितलं, की मास्तरले आता काळं-पांढरं कळून नाई राह्यलं. सगळे हसले, मीही हसलो. घरी आलो आणि बायकोची हिरवी साडी दाराशी वाळत होती, ती नक्की हिरवी आहे का निळसर, हे मी किती तरी वेळ बघत उभा राहिलो. तिनं विचारलं, "काय पाहून राह्यले तुमी?" मी काही नाही म्हटलं.

मी डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेलो. त्यांनी थेंब टाकले, ठिपक्यांच्या रंगीत पाट्या वाचायला लावल्या, भिंगातून पाहिलं आणि म्हणाले की डोळे वयाप्रमाणे ठीक आहेत, वाचायला चष्मा घ्या. मला हायसं वाटलं. रविवारी हे मित्राला सांगितलं, तर तो रजिस्टर उघडता उघडता म्हणाला, "डाक्टर पाटी दाखवते. हलतं चित्र कुठं दाखवते तो?" एवढंच. पण माझं हायसं तिथंच संपलं. डॉक्टरपेक्षा त्याचं म्हणणं मला खरं वाटलं, कारण तो माझं वाईट का चिंतेल?

मग ती स्पर्धा आली. घरून आणलेल्या चित्रांत एक तळ्याचं चित्र होतं. त्यावरचं आभाळ मी पाहिलं आणि बघताक्षणी वाटलं, हे पोराचं नाही. सपाट, सावकाश, एकाच दाबाचं. शेजारी बाजारहत्नूरकडच्या एका पोरीचा कापसाचा मळा होता, बोंडं आभाळाएवढी मोठी काढलेली, आभाळ घाईत गिचमिडून टाकलेलं. दरवर्षीसारखं मी तळं बाजूला काढायला हात पुढं केला आणि थांबलो. मनात म्हटलं, तुला आभाळात नसलेले पट्टे दिसतात. तुला हे दिसतंय ते तरी खरं कशावरून? एखाद्या गुणी पोरावर आळ घेतला तर? मी हात मागं घेतला. तळ्याला पहिला नंबर मिळाला. मळा दुसरा. बक्षीस घेताना तळेवाल्या पोराला कुणीतरी विचारलं, की आभाळ कसं केलंस, तर तो वडिलांकडं बघायला लागला. ती पोरगी टाळ्या वाजवत होती.

आता इथून पुढं मी शांतपणे लिहायचा प्रयत्न करतो, जमेल असं वाटत नाही.

मी ठरवलं, की ज्याला दिसत नाही त्यानं पोरांच्या चित्रांवर बसू नये. शिक्षण कचेरीला तसं कळवायचं. अर्ज तेलुगूत पाहिजे, म्हणजे मी त्याच्याकडंच जाणार. त्याच हॉलमध्ये, त्याच टीव्हीसमोर मी बसलो आणि सांगितलं, की लिही, माझ्या नजरेत दोष आलाय, यापुढं मला परीक्षक नेमू नका. त्यानं पेन हातात धरून थोडा वेळ माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, त्याला वाईट वाटतंय. "पक्कं ना?" असं त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. त्यानं लिहिलं, मराठीत वाचून दाखवलं, मी सही केली. त्याच्या बायकोनं चहा आणला. वहिनींना मी काही सांगितलं नाही. तो कागद त्यानं स्वतः नेऊन दिला, माझी चक्कर वाचवली.

रविवार मात्र चालू राहिले. मीच बंद केले नाहीत, तेवढंच एक उरलं होतं.

उन्हाळ्यात त्यांनी हॉलच्या भिंतींना रंग काढला. तो दोन दिवस कचेरीच्या कामानं निर्मलला गेला होता. रंगवाल्यानं टीव्ही पुढं ओढून ठेवला होता आणि सगळ्या वायरी उपसल्या होत्या. वहिनींचा फोन आला, की भाऊ, तेवढ्या वायरी लावून द्या, संध्याकाळी माझी मालिका असते. मी गेलो. टीव्हीच्या मागं जाताना क्षणभर पाय अडला, नियम आठवला. मग म्हटलं, आज मोजणी कुठं आहे.

मागं वायरी लावायच्या चार जागा होत्या. त्यांतल्या दोहोंच्या खाली बारीक अक्षरांत १२० असं छापलं होतं, उरलेल्या दोहोंखाली ६०. हे काय ते कळायला मला तेलुगू लागत नव्हतं. टीव्हीच्या दोनच जागांमधून पूर्ण चित्र येतं, बाकीच्यांतून कमी फ्रेमचं आणि कमी रंगांचं. वायरींना त्यानं कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, त्याच्या सुरेख अक्षरात. काळा, पहिली जागा. टीव्हीचा केबलचा डबा, दुसरी जागा. पांढरा, तिसरी. पहिल्या दोन पूर्ण चित्राच्या, तिसरी अर्ध्या. म्हणजे वहिनींची मालिका चांगल्या जागेवरून चालत होती आणि माझा पांढरा दीड वर्ष वाईट जागेवर बसवला होता.

मी स्वतःला सांगितलं, की त्याला माहीत नसेल. घरी जाऊन पांढरा आणला. आधी तिसऱ्या जागेवर लावून घोड्याचं माळरान लावलं. पट्टे, अडखळणं, सगळं जसंच्या तसं. मग दुसऱ्या जागेवर लावला आणि टीव्हीतही त्या जागेचं सेटिंग पूर्ण चित्रावर केलं. आभाळ धुतल्यासारखं झालं. घोडा पाण्यासारखा धावायला लागला. म्हणजे दीड वर्ष मी जे पाहत होतो ते तिथं होतंच. पट्टे होते, मी पट्टे म्हणत होतो. माझी नजर दर रविवारी बरोबर होती आणि दर रविवारी तिला चूक म्हणून रजिस्टरात लिहिलं जात होतं.

वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, ते पांढऱ्याची वायर तितं नका लावू. दसऱ्याच्या झाडझुडीत माह्या हातून अदलाबदल झाली, तर केवढे चिडले होते. म्हणले, पांढऱ्याची तिसऱ्यातच पायजे, हलवाची नाई."

दसरा. माझा अर्ज दिवाळीनंतरचा, स्पर्धा दसरा आणि दिवाळीच्या मधली. मी हिशोब दोनदा लावून पाहिला. स्पर्धेच्या आधी त्याला माहीत होतं. मी त्याच्या समोर बसून अर्ज सांगत होतो तेव्हा त्याला माहीत होतं. तो पक्कं ना म्हणाला तेव्हा माहीत होतं. वहिनींना मी म्हटलं, की असू द्या, आज तिथंच राहू द्या. मला तिथंच बसावंसं वाटलं, फरशीवर, वायरींमध्ये.

तो परत येणार त्या संध्याकाळी मी आधीच जाऊन बसलो. टीव्ही चालूच होता. पांढऱ्यावरचं माळरान मी लावून ठेवलं होतं. त्यानं ते पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि चप्पल काढता काढता त्याचा चेहरा उतरला. खोटं बोलायचा त्यानं प्रयत्न केला नाही, एवढं त्याच्या बाजूनं लिहितो.

मी विचारलं, "कवापासून माहीत होतं?"

"पयल्या महिन्यापासून. आधी चुकून लागली होती. खरंच चुकून. मंग मोबाईलवर पाह्यलं तवा समजलं."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

मग जे बोलला ते मी विसरायचा प्रयत्न करतो आणि विसरत नाही. तो म्हणाला, "शाळेपासून पाह्य. तू म्हणला हे असं दिसते, की मास्तर मानत, पोरं मानत, सगळे मानत. मी काही म्हणलं की म्हणत, कागद दाखव. एकडाव तू चुकला, अन् मले लय बरं वाटलं. सांगीन म्हणलं पुढच्या रविवारी. सांगाचं राहून गेलं."

"अन् अर्ज? तो बी राहून गेला?"

"तू सांगतलं, मी लिहिलं."

चाळीस वर्षांत त्यानं मला याहून खरं काही सांगितलं नसेल. मी त्याला मारलं नाही. हात उठला असता तर बरं झालं असतं, निदान ते आम्हा दोघांना कळलं असतं. मी विचारत राहिलो, की तुला माझी कीव आली नाही का, त्या पोरीचा पहिला नंबर गेला त्याचं काही वाटलं नाही का. तिच्याबद्दल मी त्याला त्याच दिवशी सांगितलं होतं. तो म्हणाला, वाटलं. वाटलं म्हणून त्यानं काय केलं ते मी विचारलं नाही, कारण तो काळ्याची वायर काढून चौथ्या जागेवर लावायला लागला होता, जणू आता काळा वाईट दिसला की फिट्टंफाट होईल. मी त्याला ते सोड म्हटलं.

मग तो उठला, कपाटातून कोरा कागद आणला आणि टेबलाशी बसला. म्हणाला, की आताच्या आता नवा अर्ज लिहून देतो, पुढच्या स्पर्धेला तुझं नाव परत लागेल, मी स्वतः पाठपुरावा करतो. मला तेच पाहिजे होतं. सगळा राग बाजूला ठेवून खरं सांगतो, त्या क्षणी मला त्याची माफीसुद्धा नको होती, मला माझी खुर्ची पाहिजे होती. मी समोर बसलो. त्यानं भराभर लिहिलं, एकही खाडाखोड नाही, आणि मराठीत वाचून दाखवलं. गेल्या वर्षी माझ्या दृष्टीत दोष निर्माण झाल्यानं मी परीक्षकाचं काम नाकारलं होतं, आता उपचारानंतर दृष्टी पूर्ववत झाली आहे, तरी मेहरबानी करून मला पुन्हा नेमावं.

मी म्हटलं, "दोष नव्हता. तसं लिही."

"तसं लिहिता नाई येत. मागच्या अर्जावर तुझीच सही हाय. आता दोष नव्हताच म्हणलं, तर मंग खोटं काऊन लिहून दिलं म्हणून तुलेच पुसतील."

"मंग खरं लिही. मित्रानं फसवलं म्हणून लिही."

त्यानं पेनाचं टोपण लावलं. अर्जात असं लिहीत नसतात, असं तो अगदी हळू म्हणाला, मला समजावल्यासारखं. आणि ते बरोबर होतं. अर्जात खरंच असं लिहीत नसतात. त्याच्याइतकं हे कुणाला कळणार.

मी चष्मा लावला आणि तो कागद पहिल्यांदाच स्वतः वाचला, अक्षराला अक्षर लावत, बोट ठेवत. त्याला तेवढा वेळ थांबावं लागलं. त्यानं वाचून दाखवलं होतं तेच लिहिलेलं होतं, एक शब्द इकडं तिकडं नव्हता. मागचाही अर्ज असाच बरोबर असणार. मला वाटत होतं, की वाचता वाचता मी तो फाडीन. मग मला कापसाचा मळा आठवला आणि पुढच्या वर्षी त्या खुर्चीवर दुसरा कुणी बसला तर त्याला ते आभाळ दिसेल का, असं वाटलं.

मी सही केली. कचेरीच्या फाईलीत आता माझी नजर एकदा बिघडलेली आणि एकदा सुधारलेली आहे. दोन्हीकडं सही माझी आहे, आणि त्याचं नाव कुठंच नाही.